एरंडेलाचा डावा हात

माझ्या संशोधनाचं पूर्ण नाव मी आईला एकदाच सांगितलं. वनस्पती तेलापासून बनवलेलं, कार्बन नॅनोट्यूब घालून मजबूत केलेलं, आकार ध्यानात ठेवणारं पॉलिमर. आई शेंगा फोडत बसली होती. तिनं सूप बाजूला सारलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "म्हंजी प्लॅस्टिकच ना?" तेव्हापासून आमच्या घरी माझ्या कामाला प्लॅस्टिकच म्हणतात. पाहुणे आले की सांगतात, "आमची थोरली परभनीला कॉलेजात शिकवती आन् प्लॅस्टिकचं काईतरी करायलीय." चार वर्षं मी हे ऐकतेय आणि चार वर्षं मला दर वेळी तितकाच राग येतोय.

खरं तर समजायला त्यात अवघड काही नाही. एरंडेल घ्यायचं, ते घट्ट करणारं एक रसायन त्यात मिसळायचं, साच्यात ओतायचं आणि दीड-दोन दिवस ओव्हनमध्ये ठेवून द्यायचं. साच्यात जो आकार मिळेल तो त्या पदार्थाचा कायमचा. मग गरम करून वाकवला आणि वाकलेला धरूनच गार केला, तर तो वाकलेला राहतो. पुन्हा गरम करा, आपण होऊन साच्यातल्या आकाराला परत येतो. नुसत्या एरंडेलाचा केला तर परत येतो खरा, पण अंगात जोर नसतो. बोट आडवं लावलं तरी थांबतो. म्हणून त्यात नॅनोट्यूब घालायच्या. दिसायला ती काजळीसारखी काळी पूड. प्रत्यक्षात केसापेक्षा हजारो पट बारीक नळ्या. त्या तेलात सारख्या पसरल्या तर पदार्थाला ताकद येते. आणि त्या सारख्या पसरत नाहीत. पिठल्यात होतात तशा गुठळ्या होतात. माझं चार वर्षांचं संशोधन म्हणजे त्या गुठळ्या मोडणं, दुसरं काही नाही.

हे सगळं मी पीएचडीच्या पदवीसाठी करत होते, कुणासाठी म्हणून नाही. मग गेल्या दसऱ्याच्या आसपास आप्पांना अर्धांगवायूचा झटका आला.

आप्पा म्हणजे माझे वडील. ताडकळसला त्यांचं किराणा दुकान आहे, घरही तिथेच; मी तिथून रोज परभणीला ये-जा करते. झटक्यातून ते तसे बरेच सावरले. वाचा आली, काठी घेऊन चालायला लागले, दुकानात बसून गिऱ्हाइकांवर पहिल्यासारखे ओरडायलाही लागले. फक्त डावा हात मिटला तो मिटलाच. अंगठा आत, त्यावर चार बोटं, घट्ट मूठ. दुसऱ्या कुणाच्या घरी यावर लोक म्हणाले असते, डावाच आहे ना, चालायचंच. आमच्या घरी डावा हातच महत्त्वाचा.

आम्ही लिंगायत. आप्पांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. रोज सकाळी आंघोळ करायची, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातलं लिंग काढून डाव्या तळहातावर ठेवायचं, उजव्या हातानं पाणी आणि बेलाचं पान वाहायचं आणि त्याच्याकडे एकटक बघत बसायचं. ते झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. आप्पांनी लहानपणापासून एक दिवस चुकवला नव्हता. प्रवासातसुद्धा नाही, स्टँडच्या नळावर हातपाय धुऊन बाकड्यावर पूजा करणारे माझे वडील मी पाहिले आहेत, आणि कॉलेजच्या वयात त्यांची लाजही वाटून घेतली आहे.

आता तळहातच नव्हता. आई म्हणाली, उजव्या हातावर ठेवा. आप्पा म्हणाले, "मग वाहू कशानं, पायानं?" पाटावर ठेवा म्हटलं तर म्हणाले, "पाट म्हंजी हात हाय का?" आणि उपाशी बसून राहायचे. दहा वाजायचे, अकरा वाजायचे. गोळ्या रिकाम्या पोटी पाण्याबरोबर घ्यायचे आणि मग त्यांना गरगरायचं. एकदा तर मोरीजवळ पडले. शेवटी दुपारच्या सुमाराला आई त्यांची बोटं एकेक करून उघडायची, लिंग कसंबसं टेकवायची, आणि पान वाहायच्या आत बोटं त्यावर मिटायची. "झाली म्हनायची," असं पुटपुटून आप्पा चार घास खायचे, तेही चोरून खाल्ल्यासारखे. संक्रांतीपर्यंत त्यांचा सदरा खांद्यावरून उतरायला लागला होता.

एकदा मीच माझा हात पुढे केला. लिंग माझ्याही गळ्यात आहे, पाळण्यात असतानाच बांधलेलं. पूजा मात्र झाली तर झाली. म्हटलं, "आप्पा, माज्या हातावर ठिवा." ठेवलं. सकाळचे सात वाजले होते आणि माझी परभणीची एसटी साडेसातची. आप्पा लिंगाकडे बघत बसले. थोड्या वेळानं त्यांनी लिंग उचललं आणि म्हणाले, "न्हाई. दुसऱ्याच्या हातावर न्हाई होत." मी चप्पल घातली आणि गाडी गाठली. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं गाडीत बसल्यावर मनाशी म्हटलेलंही मला आठवतं.

परभणीचे फिजिओथेरपीचे डॉक्टर तरुण आणि तोंडाचे फटकळ. त्यांनी सांगितलं की मूठ अशीच राहिली तर हाताचे स्नायू आखडून जातील, आणि एकदा ते आखडले की मग ती कुणालाच उघडता येणार नाही. त्यांनी एक तयार पट्टी दिली. ती सरळ आणि कडक. तिच्यावर मूठ एका झटक्यात उघडून बांधायची. आप्पांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिसऱ्या दिवशी ती पट्टी मला बाजेखाली सापडली. विचारलं तर म्हणाले, "मांजरानं नेली आसंल."

तेव्हा माझ्या डोक्यात आलं. माझा पदार्थ मिटलेल्या आकारात मुठीत सरकवता येईल. मग गरम पाण्याचा टॉवेल गुंडाळला की तो हळूहळू आपल्या मूळ आकाराला, म्हणजे उघड्या तळहाताला जाईल, आणि जाताना बोटांनाही बरोबर नेईल. झटका नाही, ओढाताण नाही. शिवाय ऊब मिळाली की आखडलेला हात सैल पडतो, हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. चार वर्षांत पहिल्यांदा मला माझं काम कशासाठी आहे ते कळलं होतं. त्या आठवड्यात मी इतकी खूश होते की आईनं विचारलं, कुठलं स्थळ आलंय का.

ती खुशी फार टिकली नाही. आप्पांनी हट्ट धरला की तेल आपल्या भागातलंच पाहिजे, कंपनीचं नको. पालमच्या बाजारात एक म्हातारी घरी काढलेलं एरंडेल विकते, ते त्यांनी मागवलं. मी साच्यात ओतलं आणि दुसऱ्या दिवशी ओव्हन उघडला तर आत अनारशासारखी जाळी पडलेली. बोटानं दाबलं की चुरा. घरगुती एरंडेल बिया भाजून, कुटून, पाण्यात उकळून काढतात. त्यात पाणी राहतं, आणि माझ्या रसायनाला पाण्याचा थेंब लागला की फेस येतो. हे मला शिकवता येतं, पण सुचलं मात्र नव्हतं. तीन खेपा वाया गेल्यावर मी घरी येऊन डबा आपटला. आई म्हणाली, "लोनी कढवतीस तसं कढव की. चरचर थांबली की पानी सपलं." मी तिच्यावरही चिडले. मग दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तेल तापवलं आणि चरचर थांबेपर्यंत कान देऊन उभी राहिले. उरलासुरला ओलावा पंप लावून काढला. चौथ्या खेपेला एकही बुडबुडा नव्हता. प्रबंधात मी लिहिलं आहे की तेल उष्णता देऊन कोरडं केलं. संदर्भांच्या यादीत आईला कुठे घालायचं ते मला कुणी सांगू शकलं नाही.

मग नॅनोट्यूब. त्या तेलात पसरवायला एक यंत्र आहे, आवाज ऐकू येणार नाही इतक्या वेगानं हलवणारं. त्यात भांडं ठेवलं की तीन तास लाईट जाता कामा नये. आमच्याकडे तीन तास लाईट! दोन तास होऊन जायचे, मी मास्क लावून बसलेली असायची, तेल छान काळं, एकजीव दिसायचं, आणि लाईट जायची. परत येईपर्यंत पुन्हा गुठळ्या. मी विनवण्या करून जनरेटर मागितला तर उत्तर आलं की जनरेटर कार्यालयासाठी आहे. म्हणजे पंखे फिरले पाहिजेत, संशोधन थांबलं तरी चालेल.

माझ्या मार्गदर्शक सरांनी आणखी एक सांगितलं, आणि ते बरोबरच होतं: माणसाच्या अंगाला लावायचं असेल तर समितीची परवानगी घ्या. मी आधी तोच पदार्थ पंधरा दिवस स्वतःच्या दंडाला बांधून फिरले, काही झालं नाही, तसं लिहून अर्ज दिला. अर्ज परत आला. का, तर मी 'वडील' असं लिहिलं होतं. तिथे 'रुग्ण' पाहिजे. रुग्ण लिहून दिला. पुन्हा परत आला. रुग्णाचं अर्जदाराशी नातं लिहायचं राहिलं होतं. त्या दिवशी मी त्या टेबलासमोर उभी राहून इतकी मोठ्यानं हसले की बाहेरचा शिपाई आत डोकावला. हसू नव्हतं ते. घरी माझे वडील दुपारपर्यंत उपाशी होते, त्यांची मूठ रोज थोडी जास्त आखडत होती आणि मी रकाने भरत होते. चौथ्या वेळी परवानगी मिळाली. पहिली चाचणी फिजिओथेरपीच्या डॉक्टरांसमोरच करायची, या अटीवर.

साचा करायचा तर उघडा तळहात हवा. आप्पांचा उघडत नव्हता. आईची बोटं कामानं वाकडी झालेली. म्हणून मी आप्पांच्या उजव्या हाताचं माप घेतलं आणि साच्यासाठी माझाच डावा हात वापरायचा ठरवलं. जिथे कमी पडेल तिथे साचा खरवडून वाढवायचा. प्रयोगशाळेतले निवृत्तीला आलेले सहायक प्लॅस्टर कालवून तयार होते. म्हणाले, "मॅडम, डावा हात उघडा धरा, हलवू नका." मी धरला. पाव तास मी श्वाससुद्धा जपून घेतला. साचा सुरेख उतरला, रेघान् रेघ. त्यात उरलेल्या सगळ्या नॅनोट्यूब घातलेलं तेल ओतलं. त्या दिवशी लाईटही गेली नाही. दोन दिवसांनी हातात आला तो काळाभोर, गुळगुळीत, पळसाच्या पानाएवढा तळहात. गरम पाण्यात धरून मिटवला, गार केला, मिटून राहिला. पुन्हा गरम पाण्यात टाकला आणि तो उघडला. मी एकटीच होते. टेबलाला धरून रडले.

चाचणीच्या दिवशी आप्पांना जीपनं परभणीला नेलं. डॉक्टरांनी मिटवलेला तुकडा त्यांच्या मुठीत सरकवला, वर गरम टॉवेल गुंडाळला. आम्ही तिघं बघत बसलो. तर्जनी हलली. मधलं बोट उचललं गेलं. आप्पा म्हणाले, "आलं, आलं." आणि लगेच विव्हळले. अंगठा अडकला होता. डॉक्टरांनी घाईनं तुकडा काढला, उजेडात धरला आणि उलटसुलट करून बघितला.

"मॅडम, हा हात असा का आहे? बोटं जुळवलेली, अंगठा कडेला चिकटवलेला, मध्ये खोलगट. अंगठा बाहेर पाहिजे, बोटं फाकलेली पाहिजेत. यातून काय पाणी पिणार आहात?"

मी माझा डावा हात त्याच्याशेजारी उघडून धरला. डावा हात उघडा धरा, असं आमच्या घरच्या माणसाला सांगितलं की तो असाच धरतो. बोटं जुळलेली, अंगठा टेकलेला, मध्ये लिंगापुरती खळगी. मी पूजा वर्षावर्षात करत नसले तरी हाताला तेच माहीत होतं. जगातल्या कुठल्याही माणसानं हात पसरून धरला असता. मी पूजेला बसले होते.

"मग आकार बदला की," डॉक्टर म्हणाले. बदलता येत नाही. तेच तर या पदार्थाचं वैशिष्ट्य, त्यावरच मला पदवी मिळणार होती. नवा करायचा तर नॅनोट्यूब नव्यानं मागवायच्या, म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा टेबलं, पुन्हा तीन तासांची लाईट. आणि मूठ थांबणार नव्हती. मी हात टेकले. जीपमध्ये सगळा रस्ता आप्पा तो काळा तळहात मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यावरून बोट फिरवत होते. घरी आल्यावर मी तो त्यांच्या हातातून घेतला, देवळीत फेकला आणि न जेवता झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आले तर आप्पा भिंतीला टेकून बसलेले. कपाळाला विभूती. डाव्या मुठीवर तो काळा तळहात, आईच्या जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधलेला. त्याच्या खळगीत लिंग. आप्पा एकटक बघत होते. त्यांनी उजव्या हातानं पाणी घातलं, पान वाहिलं, कुठे काही घसरलं नाही, काही मिटलं नाही. मग लिंग गळ्यात बांधून घेतलं आणि आईला म्हणाले, "वाढ." साडेसात वाजता माझ्या वडिलांनी दीड भाकरी खाल्ली. आई पदर तोंडाला लावून चुलीकडे वळली.

मला आनंद व्हायला हवा होता. माझं डोकं फिरलं. "आप्पा, ही मूठ उघडायची वस्तू हाय! तुमी तिचा पाट केला!" मी ओरडले. ते आता व्यायाम करणार नाहीत, हे मला लख्ख दिसत होतं. पूजा होतेय, जेवण होतंय, मग दुखवून कोण घेईल? मूठ कायमची मिटेल आणि वर माझी चार वर्षं बांधलेली राहतील, खुंटीवर अडकवल्यासारखी. मी तेही बोलून दाखवलं. आप्पा भाकरीचा शेवटचा तुकडा चावत राहिले.

मग मला दुसरंच आठवलं. "आन् दुसऱ्याच्या हातावर होत न्हाई म्हनले व्हते ना तुमी? हा कुनाचा हात हाय, ठाव हाय का? माजाच हाय. साचा माज्याच हाताचा हाय."

"ठाव हाय की," आप्पा म्हणाले. त्यांनी तो सोडून माझ्यापुढे धरला आणि करंगळीच्या खाली बोट ठेवलं. तिथे एक तिरपी रेघ होती. लहानपणी विळीनं कापलं होतं, त्याचा वण. साच्यातून जसाच्या तसा उतरलेला. "जीपमधीच वळकला म्या."

"मग?"

"मग काय. तुजा हात लय चांगला हाय माय. पन त्याला साडेसातची एसटी आस्ती. त्या दिशी तू निसती घड्याळाकडं बगायल्तीस. हात बी लटलट कापायलता. मंग म्हनलं, कामून उगी लेकराला ताटकळत ठिवा. ह्याला कुटं जायचं न्हाई."

इतके महिने मी ज्याला हट्ट म्हणत होते, ती त्यांनी मला दिलेली सूट होती. मी ती घेऊन बस गाठली होती. चार महिने ते रोज दुपारपर्यंत उपाशी राहिले, कारण तेवढा पाव तास मागणं त्यांना जड गेलं. मला स्वतःची इतकी शरम आजवर कधी वाटली नाही, आणि त्या शरमेतही मला त्यांचा रागच येत होता, की एकदा तोंडानं सांगितलं असतं तर काय झालं असतं.

त्याच दिवशी डॉक्टरांना फोन केला. अंगठ्याकडचा भाग कापून टाकला तर चालेल का, विचारलं. आधी नाही म्हणाले, मग कापून आणून दाखवायला सांगितलं, मग कुरकुरत म्हणाले की बोटांपुरता वापरा, दहा मिनिटं, दुखलं की काढा, अंगठ्याचं नंतर बघू. हॅक्सॉच्या करवतीनं कापताना काळा भुगा पडला तो ओल्या फडक्यानं टिपून घेतला. समितीला दुरुस्तीचं पत्रही दिलं. ते परत आलं; या वेळी फक्त तारीख चुकली होती.

आप्पांशी मी सौदा केला. तो हात सकाळी मुठीत जाईल, गरम टॉवेलखाली, रोज. पूजेला माझा.

पहिल्या दिवशी आप्पांचा विश्वास नव्हता. "जा तू, गाडी चुकंल," दोनदा म्हणाले. मी त्यांच्या समोर मांडी घालून बसले, डावा हात पुढे केला, बोटं जुळवून, अंगठा टेकवून. आईनं मुठीत तो तुकडा सरकवला आणि टॉवेल गुंडाळला. आप्पांनी लिंग माझ्या तळहातावर ठेवलं. आमचं घर रस्त्याला लागूनच आहे; वळणावर एसटी हॉर्न देते तो घरात ऐकू येतो. तो आला. आप्पांनी पूजेतून नजर काढून माझ्याकडे बघितलं. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी हात तसाच ठेवला. गाडी थांबली, दार आपटलं, गाडी गेली. मग त्यांनी पान वाहिलं.

पहिला तास बुडाला, प्राचार्यांनी कारण लेखी मागितलं. मूठ अजून उघडलेली नाही. टॉवेलखाली दोन बोटं सुटतात आणि दुपारपर्यंत परत मिटतात. मी अजूनही चिडते: लाईटवर, समितीवर, नव्या नॅनोट्यूबच्या अर्जावर, आणि आता रोज नऊच्या गाडीत बसायला जागा नसते म्हणूनही. लेखी कारण काय द्यावं ते मला सुचत नव्हतं. शेवटी लिहिलं, डाव्या हाताचं काम होतं.